डोंगर, नदी आणि दुरावा : मराठीच्या घडणीतील भूगोल

मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असता स्मरणिकेसाठी भाषेविषयी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो आपल्याकडील एक जुना वाद. आपल्या सभासदांत रत्नागिरीकडील आहेत, जळगाव-धुळ्याकडील आहेत, अमरावती-नागपूरचे आहेत आणि सोलापूर-कोल्हापूरचेही आहेत. नर्मदेच्या उत्तरेस येऊन स्थिरावलेली ही मंडळी गणेशोत्सवाच्या मांडवात एकत्र जमली की कोणाची मराठी शुद्ध आणि कोणाची बिघडलेली, हा विषय चहाबरोबर हटकून निघतो. नाटकात गड्याच्या तोंडी एखादी बोली घातली की हशा पिकतो; ज्यांच्या घरची ती बोली, ते मात्र त्या हशात सामील होताना किंचित अवघडलेले दिसतात. काही घरांत तर आजीची बोली नातवंडांच्या कानांवर पडू नये म्हणून काळजी घेतली जाते, हे आम्ही पाहिले आहे. या वादाचा निवाडा व्याकरणाच्या पुस्तकात शोधण्यापेक्षा नकाशात शोधणे अधिक फलदायी ठरेल, असे आम्हांस वाटते. म्हणून हा प्रपंच.

आरंभी एक साधा शब्द घेऊ : डोळा. पुण्या-साताऱ्याकडे तो ‘डोळा’ आहे. ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी-कोळी वस्त्यांत ‘ळ’चा ‘ल’ होतो आणि डोळ्याचा ‘डोला’ होतो. सिंधुदुर्गात मालवणी माणूस ‘डोळो’ म्हणतो आणि गोमंतकात कोकणी भाषेत तो ‘दोळो’ होतो. खानदेशात आणि वऱ्हाडात मात्र ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. तिथे डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’ आणि शाळेची ‘शाया’ होते. शब्द एकच, अर्थ एकच. पण त्याच्या रूपांची वाटणी जिल्ह्यांच्या सरकारी हद्दींनुसार झालेली नाही. ती खोरी आणि डोंगर यांनी केली आहे. खानदेश आणि वऱ्हाड हे आज दोन वेगळ्या महसुली विभागांत असले, तरी वऱ्हाडातील पूर्णा नदी पश्चिमेस वाहत येऊन चांगदेवाजवळ तापीस मिळते. पूर्णा आणि तापी यांचे खोरे हे एकच सलग खोरे आहे आणि ‘डोया’ हा उच्चार त्या सलग खोऱ्यात नांदतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग. मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात माणसे, बैलगाड्या आणि शब्द पूर्व-पश्चिम असे फिरत राहिले.

तापीचा प्रवाह हीच या साऱ्या प्रकरणातील अतिशय महत्त्वाची गोष्ट होय. महाराष्ट्राच्या पठारावरील मोठ्या नद्या, गोदावरी, भीमा, कृष्णा, सह्याद्रीवर उगम पावून पूर्वेस जातात. तापी मात्र बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेस वाहते आणि सुरतेजवळ समुद्रास मिळते. ज्याची नदी गुजरातेकडे जाते, त्याचा व्यापार गुजरातेकडे जातो आणि व्यापारामागोमाग भाषाही जाते. मोगलाईत सुरत बंदरातून उत्तरेस जाणारा मोठा रस्ता बुऱ्हाणपुरावरून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ साली सुरतेस उतरला आणि जहांगिराच्या भेटीस अजमेरला निघाला, तोही बुऱ्हाणपुराच्या वाटेनेच. त्यापूर्वी फारुकी सुलतानांनी १३८२ पासून १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत खानदेशावर राज्य केले, तेही याच खोऱ्याच्या बळावर.

आता अहिराणी बोली ऐकावी. षष्ठीचा प्रत्यय पुणेरी मराठीत ‘चा-ची-चे’ असा आहे. अहिराणीत तो ‘ना-नी-न’ असा होतो. ‘माझा-तुझा’ यांच्या जागी ‘मना-तुना’ येते. गुजरातीतील ‘नो-नी-नुं’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे नाते सांगावे लागत नाही. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचे काम ग्रिअर्सन यांनी केले, तेव्हा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. पण खानदेशीस त्यात स्थान मिळाले नाही. १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात, गुजरातीच्या शेजारी, ती बसविण्यात आली. त्यावर पुढे पुष्कळ मतभेद झाले आणि अहिराणी ही मराठीची बोली मानावी की तिचे स्वतंत्र घर मानावे, यावर अजूनही विद्वान भांडतात. आम्हांस त्या भांडणात पडावयाचे नाही. एवढेच सांगावयाचे आहे की, अहिराणी ही कोणी पुण्याची मराठी नीट न शिकल्यामुळे झालेली भाषा नव्हे. ज्या दिशेस पाणी वाहिले त्या दिशेस ती कलली आणि अजिंठ्याचा डोंगर ओलांडून दक्षिणेशी नाते राखणे जेवढे जमले तेवढे तिने राखले. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या याच खोऱ्यातील असोद्याच्या. त्यांची बोली अस्सल अहिराणीही नव्हे आणि वऱ्हाडीही नव्हे. दोहोंच्या सीमेवरची आहे. नकाशावर जळगाव कोठे आहे ते पाहिले की याचे नवल वाटत नाही.

सह्याद्रीची गोष्ट याहून निराळी आहे. डोंगर म्हणजे भिंत, असे आपण सहज म्हणतो. परंतु या भिंतीला दारे होती. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच कोरला गेला, तो उगाच नव्हे. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरास चढत होता त्या वाटेवरची ती जागा आहे. घाट जेथे होते तेथे बोली वर-खाली झाल्या. घाट जेथे नव्हते तेथे वरचा गाव आणि खालचा गाव एकमेकांस दिसत असूनही परके राहिले. शिवाय पावसाळ्याचे चार महिने बहुतेक वाटा बंद. म्हणूनच देशावरील माणूस ‘कोकणात उतरलो’ म्हणतो आणि कोकणातला ‘घाटावर गेलो’ म्हणतो.

कोकणाच्या आत तर आणखी एक खुबी आहे. सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान. त्यांच्या मुखाशी खाड्या. बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री. दक्षिणोत्तर चालत जावयाचे म्हणजे दर काही कोसांवर तरीची वाट पाहणे आले. परिणाम असा की किनारपट्टीच्या मराठीचा रंग खाडीगणिक पालटत जातो. शेवटी मालवणीत तर पुल्लिंगी शब्दांचा शेवट ‘आ’ऐवजी ‘ओ’ने होतो : ‘माझो’, ‘तुझो’, ‘आंबो’. त्यापुढे कोकणी भाषेचा मुलूख लागतो. या किनाऱ्यास जोडणारा खरा रस्ता समुद्र हाच होता. आगबोटीने मुंबई जवळ आली, त्यामुळे शेजारच्या खाडीपलीकडील गावापेक्षा गिरणगावाशी नाते अधिक जुळले. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली वर चढली, थळघाटातून १८६५ साली. पण कोकणातून दक्षिणोत्तर जाणारी रेल्वे पूर्णपणे सुरू होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. एवढा काळ ज्या बोलींना एकांत मिळाला, त्यांनी आपली रूपे जपली यात नवल ते काय?

मग ‘शुद्ध’ मराठी कोणती? येथे इतिहासाची एक गंमत सांगण्याजोगी आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र हा तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो वऱ्हाडातील रिद्धपूर येथे. ज्यांच्या लीळा त्यात आहेत ते चक्रधरस्वामी गुजरातेतून आलेले आणि गोदावरीच्या काठाने हिंडलेले. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली ती नेवाशास, गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या तीरावर. म्हणजे त्या काळी मराठीचे मध्यस्थान गोदेच्या खोऱ्यात होते आणि पुणे हे कसबे होते. मध्यस्थान पुढे भीमेच्या उपनद्यांकडे सरकले, ते मराठ्यांच्या राज्याचे मर्मस्थान तेथे आले म्हणून. १८१८ नंतर इंग्रजांनी मुंबईस आणि पुण्यास शाळा काढल्या. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले आणि छापखान्याने एका प्रदेशाची बोली सर्वांच्या पाटीवर आणली. ही प्रमाण मराठी आपणां सर्वांस बांधून ठेवते, तिचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ती आई आणि वऱ्हाडी-मालवणी या तिच्या वाया गेलेल्या मुली, हा समज निराधार आहे. वयाने पाहू गेल्यास वऱ्हाडच्या भूमीचा मान पहिला. मराठी भाषा विद्यापीठ अलीकडे त्याच रिद्धपुरात उभे राहिले आहे, हे योग्यच झाले.

डोंगर-नद्यांप्रमाणे शेजारही भाषा घडवितो. विंध्य-सातपुड्याच्या खाली उतरून आर्यभाषांपैकी मराठी ही द्राविडी भाषांच्या अगदी उंबरठ्यावर येऊन बसली, आणि त्या शेजाराच्या खुणा आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘चार’मधील ‘च’ आणि ‘चाक’मधील ‘च’ निराळा. हा भेद हिंदीत नाही, तेलुगूत मात्र आहे. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ या वाक्यातील ‘म्हणून’ची योजना कन्नड, तेलुगू आणि तामिळ यांच्या चालीची आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे तर घरचेच झाले. नागपूरकडचा माणूस ‘काय करून राहिला?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या पाठीशी हिंदीचे सपाट, डोंगराची आडकाठी नसलेले मैदान आहे. कोल्हापूर-सांगलीकडील स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात आणि पुण्याच्या सासरी गेल्यावर त्यांची थट्टा होते. कन्नडमध्ये ‘मी’च्या क्रियापदास लिंगच नाही, हे थट्टा करणाऱ्यांच्या गावी नसते.

याच कन्नड सीमेवरील कुपवाड गावाचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन या दोन परदेशी अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तो भाषाशास्त्राच्या पुस्तकांत जगभर उल्लेखिला जातो. मराठी घरांत मात्र त्याची वार्ता फारशी नाही. सांगली-मिरजेजवळचे हे तेव्हाचे लहान गाव. १९९८ पासून ते सांगलीच्या महापालिकेत आहे. तेथे जैन आणि लिंगायत कुटुंबे कन्नड बोलत, मुसलमान कुटुंबे उर्दू बोलत, इतर अनेक मराठी बोलत आणि दोरखंड वळणारी काही घरे तेलुगू. शतकानुशतके एकाच शिवारात काम केल्यामुळे घडले असे की, शब्द ज्याच्या त्याच्या घरचे राहिले, पण वाक्याची बांधणी सर्वांची जवळजवळ एक झाली. एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक अंगासमोर दुसऱ्या भाषेतील अंग ठेवत जावे, की भाषांतर पूर्ण! कन्नडमध्ये माणसांस स्त्रीलिंग-पुल्लिंग आणि निर्जीवास नपुंसकलिंग. म्हणून कुपवाडच्या मराठीत पूर आला असता ‘नदी आली’ ऐवजी ‘नदी आलं’ असे ऐकू येई. व्याकरणकार यास चूक म्हणेल. आम्ही म्हणू, चार घरांनी एका आडावर पाणी भरले त्याची ती खूण आहे. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, एवढे मिसळूनही कोणी आपली घरची भाषा टाकली नव्हती.

आतापर्यंतची सारी उदाहरणे मुलखाच्या आतली किंवा वेशीवरची झाली. परंतु आपल्यासारख्यांस अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण तंजावरचे आहे. पुण्याहून सरळ रेषेत सुमारे १००० किलोमीटर दूर, मध्ये कन्नड आणि तेलुगू मुलूख, म्हैसूरचे राज्य. आणि तेथे कावेरीच्या सपाट, कालव्यांनी विणलेल्या भातशेतीत शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी माणसे पुण्याशी रस्त्याने आणि राजकारणाने सतत जोडलेली राहिली, त्यामुळे त्यांची मराठी पुण्याच्या मराठीबरोबर बदलत गेली. तंजावर हे मात्र भाषेच्या दृष्टीने बेट झाले.

बेटावर दोन गोष्टी एकदम घडतात. मूळ मुलखात जे नवे घडते ते तेथे पोहोचत नाही, म्हणून जुने टिकते. आणि भोवतालचे पाणी चहूंकडून आत येते, म्हणून नवेही पुष्कळ शिरते. तंजावरच्या मराठीत हे दोन्ही झाले. दक्षिणी मराठी कुटुंबांच्या बोलण्यात आपल्याकडे पोथ्यांत राहिलेली जुनी रूपे ऐकू येतात आणि त्यांचा हेल मात्र तामिळ असतो. सरस्वतीमहाल ग्रंथालयात राखलेल्या मोडी कागदांत हिशेब मराठी, क्रियापदे मराठी; परंतु जमीन मोजावयाची ‘वेली’ने, भात ‘कलम’ने आणि पैसा ‘चक्रम’ व ‘पणम’ यांत. आम्हांस यात मोठे मर्म दिसते. स्थलांतर करणारा माणूस क्रियापद आणि नातेवाइकांची नावे बरोबर घेऊन जातो; माती, धान्य, माप आणि नाणे यांची नावे त्याला नव्या मुलखाकडून घ्यावी लागतात. ज्वारीच्या देशातून भाताच्या देशात गेल्यावर ज्वारीचे शब्द कोणास सांगावयाचे?

हे बेट नुसते राखणदार नव्हते. तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाल १६८४-१७१२) यांनी मराठीत नाटके लिहिली. सांगलीस विष्णुदास भाव्यांचे सीतास्वयंवर १८४३ साली झाले, त्याच्या आधी सुमारे दीड शतक. दुसरे सरफोजी यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांच्या त्या प्रचंड मंदिरात आजही तो मराठी लेख वाचता येतो. रामदासी मठांबरोबर कीर्तन तिकडे गेले आणि तामिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग या चाली नावांसह रुजल्या. शब्दांची देवघेव एकेरी नसते, ती अशी. आणि राज्य गेल्यावरही तेथील माणसे संपली नाहीत. कुंभकोणम येथे मराठी कुटुंबात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग होळकरांच्या इंदूरचे आणि १८७५ पासून गायकवाडांच्या बडोद्याचे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेस गेलेल्या मराठीने कावेरीकाठी वळसा घेऊन असे नर्मदेच्या अंगणात पुन्हा पाऊल टाकले.

महानुभावांचे उदाहरण थोडक्यात सांगतो. पंथाचे लोक पंजाबात आणि पुढे काबूलपर्यंत गेले. तेथील अनुयायांच्या घरची भाषा पंजाबी. पण पोथी मराठी. बोलण्यातून नाहीशी झालेली किंवा मुळातच नसलेली मराठी केवळ ग्रंथामुळे, गुप्त लिपीच्या आवरणात, सिंधूपलीकडे जिवंत राहिली. तंजावरला बोली टिकली. पंजाबात पोथी टिकली. दुराव्यात भाषा तगण्याचे हे दोन निराळे मार्ग आहेत आणि दोहोंत पोथीचा मार्ग अधिक एकाकी, असे आमचे मत आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. आज डोंगर आणि खाडी यांचे पूर्वीचे सामर्थ्य राहिलेले नाही. आपल्या आजोबांस गावाकडचे पत्र आठ-दहा दिवसांनी येई. नातवंडे आता रोज आजीला दूरध्वनीवर पाहतात. तरी भूगोल संपलेला नाही. मुलांच्या दिवसातील फार मोठा भाग शाळेत आणि अंगणात हिंदीत जातो. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात ‘माझी पुस्तक कुठे आहे?’ असे मुले विचारतात, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे आणि हिंदीने नपुंसकलिंग केव्हाच सोडून दिले आहे. मराठीने, कोकणीने आणि गुजरातीने ते जपले. ‘नदी आलं’ म्हणणारा कुपवाडचा शेतकरी आणि ‘माझी पुस्तक’ म्हणणारे आपले मूल यांच्यात तत्त्वतः भेद नाही; एकाने शेजाऱ्याकडून नपुंसकलिंग अधिक घेतले, दुसऱ्याने शेजाऱ्यामुळे ते गमावले. भेद असलाच तर एका बाबतीत : कुपवाडात मराठी बोलणारी घरे पुष्कळ होती, आपल्या मुलांच्या वाट्यास बहुधा एकच घर असते.

म्हणून वर्गात लिहिताना ‘माझे पुस्तक’ हेच शिकवावे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्याच वर्गात मागील वर्षी मुलांना एक काम दिले होते : घरी आजी-आजोबांना डोळा, केळे, मुलगा आणि कोठे या चार शब्दांस त्यांच्या गावी काय म्हणतात ते विचारून वहीत लिहून आणावे. वह्या आल्या, तेव्हा ‘मुलगा’ या एका शब्दासमोर ‘झील’, ‘आंडोर’ आणि ‘पोरगा’ असे तीन शब्द आले. ‘आंडोर’ लिहून आणलेल्या मुलीच्या आजी मंडळात बारा वर्षे येत आहेत. त्या अहिराणी बोलतात हे आम्हांस त्या वहीवरून प्रथम कळले. त्या वह्या मंडळाच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत आणि कोऱ्या पानांवर इतर सभासदांनीही आपापल्या गावाचे नाव घालून भर टाकण्यास हरकत नाही.